माडाच्या झावळ्यांवरची जांभळी कड कशी काढायची

अरे तुझा मंगेशीच्या दीपमाळेचा फोटो मस्त आलाय, त्यातल्या माडाच्या झावळ्यांना जांभळी कड दिसतेय म्हणून विचारलंस ना, ती म्हणजे कॅमेरा बिघडला असं काही नाही, पांढरं शुभ्र आभाळ आणि त्यावर काळ्या झावळ्या म्हटलं की चांगल्या लेन्सलाही हे होतं, कारण काच प्रत्येक रंग थोडा वेगळा वळवते.

लाइटरूम क्लासिक (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) उघडून लेन्स करेक्शन्समध्ये जा, रिमूव्ह क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनवर (म्हणजे लेन्समुळे येणाऱ्या रंगीत कडा काढणे) टिक कर. कोपऱ्यातल्या लाल-हिरव्या कडा बहुतेक तिथंच जातात. पण जांभळी राहतेच बघ, तिच्यासाठी मॅन्युअल टॅबमध्ये डीफ्रिंज, म्हणजे कडेचा रंग उडवायची सोय आहे, फोटो २००% झूम करून तिथला आयड्रॉपर (रंग उचलायचं टूल) नेमका त्या कडेवर टेकव, अमाउंट (किती रंग उडवायचा) आणि ह्यू (कुठला रंग) हे स्लायडर आपोआप सेट होतात, मग अमाउंट हळूहळू कमी करून बघ कितीत भागतं ते. अमाउंट पार शेवटपर्यंत, २० पर्यंत ओढू नको रे, फोटोतलं खरं जांभळंही उडतं! मी पणजीतल्या फोंतेन्हाश या जुन्या वस्तीतल्या एका घराचा फोटो असाच बिघडवला होता, दारातल्या बोगनवेलीच्या कडा राखाडी झाल्या, जेवण झाल्यावर लक्षात आलं. असं काही फ्रेममध्ये असेल तर मास्क ब्रश घेऊन फक्त झावळ्यांवरच डीफ्रिंज मार.

पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, त्यातही यासाठी मॉड्यूल आहे.

आणि पुढच्या वेळी अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ १.८ इतकं मोठं नको, लहान करून एफ ५.६ ला काढ, जांभळं निम्मं तिथंच कमी होईल. कोपऱ्यातलं लाल-हिरवं मात्र अ‍ॅपर्चरने जात नाही, त्याला ती टिकच.