'मजबुती' म्हणजे नक्की काय? तागाच्या कंपोझिटमुळे निघालेली शब्दचर्चा

प्रश्न असा आलाय की तागाच्या विणलेल्या कापडात रेझिन (घट्ट होणारा राळेसारखा चिकट पदार्थ) भरून केलेल्या कंपोझिटवर, म्हणजे दोन पदार्थ एकत्र करून केलेल्या साहित्यावर, मराठीत लिहायचंय, तर स्ट्रेंग्थ, स्टिफनेस, टफनेस या तिन्हीला 'मजबुती' लिहून भागेल का, आणि फायबरला 'धागा' म्हटलं तर चालेल का.

भागणार नाही. हे वाक्य बघा: जवसाचा तंतू वजनाच्या हिशोबात ताठपणात काचतंतूच्या बरोबरीला येतो पण बळात मागे पडतो. आता दोन्हीकडे 'मजबुती' घाला, मजबुती बरोबरीची आहे पण मजबुती कमी आहे, झाला ना घोळ! तेव्हा तुटेपर्यंत किती ताण सोसतो ते ताणबळ, ताणल्यावर किती कमी लांबतो किंवा वाकतो तो ताठपणा, आणि तुटण्याआधी किती ऊर्जा पचवतो तो चिवटपणा. ताठपणा, चिवटपणा हे शब्द तर कुणी घडवायची गरज नाही, आधीपासून बोलण्यात आहेतच. ताग ताठ आहे पण साधारण दीड-दोन टक्के लांबला की तुटतो, उलट काथ्याचा तंतू 15 टक्क्यांच्या पुढेही लांबतो, बळ तागापेक्षा कमी असलं तरी, म्हणून त्याला आपण सहज चिवट म्हणतो, मजबूत म्हणताना मात्र जीभ अडखळते. परिभाषेत स्ट्रेसला, म्हणजे दर क्षेत्रफळावर येणाऱ्या जोराला, 'प्रतिबल' आणि स्ट्रेनला, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने झालेल्या लांबणीला, 'विकृती' आहे, पैकी 'विकृती' सर्वसामान्य वाचकासमोर टाकायला माझा तरी हात धजत नाही, मी सरळ स्ट्रेन लिहीन.

आता धागा. फायबर म्हणजे तंतू, तंतूंना पीळ देऊन झालं ते सूत किंवा धागा, आणि त्याचं कापड. हा फरक पाळायलाच हवा कारण खरी गंमत पिळातच आहे. कोरड्या धाग्याला पीळ दिला की तंतू एकमेकांना धरून बसतात आणि धागा बळकट होतो, पण कंपोझिटमध्ये तंतूंना धरून ठेवायचं काम रेझिन करतं, तिथे पीळ जास्त झाला तर तंतू ओढीच्या दिशेला तिरके पडतात आणि रेझिनही आत नीट शिरत नाही, म्हणजे बळ उलट घटतं (सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, इथे तर रेझिनमध्ये बुडवूनही जात नाही). 'तंतूची मजबुती' आणि 'धाग्याची मजबुती' एकच समजून लिहिलं की वाचकाला हे कधी कळतच नाही.

'विणलेलं' या शब्दात एक खोच आहे जी प्रश्नात नव्हती. मराठीत कापडही विणतात आणि स्वेटरही विणतात, पण कंपोझिटमध्ये वोव्हन आणि निटेड या अगदी वेगळ्या गोष्टी, निटेडमध्ये धागा फासे घेत जातो त्यामुळे तो जास्त लांबतो आणि ताठपणा कमी भरतो. म्हणून वोव्हनला मी 'ताण्याबाण्याचं कापड' म्हणेन. ताणा म्हणजे मागावर ताणून बसवलेले उभे धागे, बाणा म्हणजे त्यातून जाणारे आडवे (मराठी बाण्याशी याचा संबंध लावू नका). साध्या विणीत प्रत्येक धागा एकदा वर एकदा खाली जातो, हा जो नागमोडीपणा, ज्याला या क्षेत्रातले लोक क्रिंप म्हणतात, तो ओढ बसली की आधी सरळ व्हायला बघतो आणि तेवढा ताठपणा कमी होतो. ट्विलमध्ये, म्हणजे तिरप्या रेघा दिसणाऱ्या विणीत, धागा दोन-दोन धाग्यांवरून उडी मारतो म्हणून क्रिंप कमी. आणि रुमाल कोपऱ्याकोपऱ्याने ओढला तर कसा ताणला जातो, तसंच या कंपोझिटची पट्टी 45 अंशात कापून ओढली तर ताठपणा आणि बळ दोन्ही बरंच कमी येतं.

म्हणजे नुसतं 'ताणबळ इतके मेगापास्कल' (हे प्रतिबल मोजायचं एकक) लिहून उपयोग नाही, ताण्याच्या दिशेने ओढलंय, बाण्याच्या की तिरपं, हेही सोबत लिहा.