डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह आली, तरी डेंग्यू असू शकतो का?

हो, असू शकतो. डॉक्टर रिपोर्ट निगेटिव्ह असूनही डेंग्यू धरून उपचार करत असतील, तर ते चुकत आहेत असं लगेच समजू नका.

एनएस१ हे विषाणूचं प्रथिन आहे. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ते रक्तात सापडण्याची शक्यता जास्त असते, नंतर ते कमी होत जातं. आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे संसर्गाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, मात्र साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. म्हणून रिपोर्ट वाचताना पहिला प्रश्न हा, की रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतलं?

पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर गुंता वाढतो. जुन्या अँटिबॉडी एनएस१ला चिकटतात आणि चाचणीला ते सापडत नाही. आयजीएमही अशा वेळी कमी बनू शकतं. आणि गंभीर आजाराचा धोका दुसऱ्या संसर्गातच जास्त असतो, हे मला सर्वांत काळजीचं वाटतं.

उलटही घडतं, म्हणजे आत्ता डेंग्यू नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येते. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहतं, झिकासारख्या जवळच्या विषाणूमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकतं. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी जास्त भरवशाची, पण तीही सुरुवातीच्या दिवसांतच.

ताप उतरताना पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा खूप ग्लानी दिसली, तर रिपोर्ट काहीही असो, तातडीने रुग्णालयात जा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.