म्युच्युअल फंडाच्या ॲपवर ॲब्सोल्यूट रिटर्न, सीएजीआर आणि एक्सआयआरआर असे तीन वेगवेगळे आकडे दिसतात. यातला खरा कोणता?

तिन्ही खरे. फक्त चारचौघांत सांगताना माणूस त्यातला सगळ्यात मोठा दिसणारा उचलतो. आमच्या घरात यावरून पंधरा वर्षं धुसफूस चालली, त्यामुळे उत्तर लांबेल.

२००७ साली बाबा रिटायर झाले. नागपुरात तेव्हा मिहानचं, म्हणजे विमानतळाजवळच्या कार्गो हब आणि सेझच्या प्रकल्पाचं, वारं होतं. जामठ्याला स्टेडियम बांधून राहिले होते आणि वर्धा रोडला भेटेल त्याच्या खिशात कुठल्या तरी लेआउटचा नकाशा. आमच्या भाऊजींनी आतल्या बाजूला दीड हजार फुटांचा प्लॉट घेतला, २०० रुपये फुटानं, म्हणजे ३ लाखांत. बाजूचा प्लॉट बाबांसाठी धरूनही ठेवला होता. मी आडवा आलो. बाबांचे पैसे पीपीएफमध्ये टाकायला लावले. तेही एकदम टाकता येईनात, तेव्हा वर्षाला ७० हजारांची मर्यादा होती. उरलेले एफडीत ठेवायचे आणि दर एप्रिलला थोडे वळते करायचे, असा माझा उद्योग.

२०२२ मध्ये भाऊजींनी तो प्लॉट ८०० च्या भावानं विकला. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगतीत आंबील वाढणं सुरू होतं, तेव्हा म्हणाले, "चौपट केले ना बाप्पा! ३०० टक्के! तुझं पासबुक काय करून राहिलं?" बाबा ताटाकडं पाहत म्हणाले, "जावयाचं ऐकायला पाहिजे होतं." मी पुढची पुरणपोळी नाही म्हटली. आमच्याकडे तो मोठा निषेध आहे.

तर ते ३०० टक्के म्हणजे तुमचा ॲब्सोल्यूट रिटर्न. ३ चे १२ झाले, ९ वाढले, खोटं काहीच नाही. फक्त किती वर्षांत, हे त्यात नाही. ते सीएजीआर सांगतो: दरवर्षी सारख्याच दरानं, व्याजावर व्याज धरून, पैसा किती टक्क्यांनी वाढला असता तर इथवर पोचला असता. कॅल्क्युलेटर नको, ७२ चा ठोकताळा पुरतो: पैसा दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की वर्षाचा दर. चौपट म्हणजे दोनदा दुप्पट. पंधरा वर्षांत दोनदा, म्हणजे साडेसात वर्षांत एकदा. ७२ भागिले साडेसात, ९.६. हिशेब नीट केला तर ९.७ येतो. ३०० टक्के ऐकून ज्यांनी माना डोलावल्या, त्यांना "वर्षाला पावणेदहा" सांगितलं असतं तर कोणी ताटातून मान वर केली नसती.

पण सीएजीआरला एकदा घातलेले आणि एकदा काढलेले पैसेच कळतात. भाऊजींनी २०१२ मध्ये डिमांड (प्लॉट नियमित करायला सुधार प्रन्यासला भरायचे पैसे), आरएल (त्यावर मिळणारं रिलीज लेटर), तारेचं कुंपण मिळून आणखी १ लाख घातले होते. ते पंगतीत कोणाला आठवले नाहीत. मधेच घातलेला पैसा त्याच्या तारखेसकट धरतो तो एक्सआयआरआर. एक्सेलमध्ये एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा, दिलेल्या उणे आणि आलेल्या अधिक. उत्तर आलं ८.२. त्यातून दलाली आणि कर जायचाच होता. आणि पीपीएफ? २००७ ला ८ टक्के, २०१२-१३ ला ८.८, एप्रिल २०२० पासून ७.१. सरासरी आठाच्या घरात, वर कर शून्य, आणि दर पावसाळ्यात गाजरगवत काढायला माणूस लावायचं काम नाही.

म्हणजे बरोबरी. मी जिंकलो नव्हतो, पण हरलोही नव्हतो. हा हिशेब मी मांडला तोवर बाबा राहिले नव्हते.

तुमच्या ॲपचं सांगतो. एसआयपी म्हणजे दर महिन्याला नवा पैसा, प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं. वर्षभर ५,००० भरले, ६०,००० चे ६३,००० झाले, तर ॲब्सोल्यूट ५ टक्के दिसेल. पण शेवटचा हप्ता तर महिनाभरच राहिलाय, म्हणून एक्सआयआरआर ९ च्या वर जातो. एसआयपीला तोच बघा, एकरकमी टाकलं असेल तर सीएजीआर.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सीएजीआर मधले खड्डे लपवतो. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर होता आणि त्याच ऑक्टोबरात ८ हजारांखाली गेला. लांबच्या सरासरीत त्या दिवसांची झोप दिसत नाही. दुसरं, वर्ष पूर्ण व्हायच्या आत एक्सआयआरआर बघून नाचू नका. दोन महिन्यांत ४ टक्के वाढले तर तो पंचवीसच्या वर दाखवतो, जणू वर्षभर असंच चालणार.

आणि हो, प्लॉट वाईट असं माझं म्हणणं नाही. घर बांधायचं असेल तर घ्याच. भाऊजींनी आता समृद्धी महामार्गाच्या बाजूला एक पाहिलाय. ताईनं मला फोन करून विचारलं, डिमांड भरलीय का ते कागदावर कुठं बघायचं.