आखूड कुरळे केस आणि लांबीची प्रतीक्षा

प्रश्न : अनेक वर्षे मी माझे कुरळे केस रासायनिक प्रक्रियेने सरळ करून घेत होते. टोके तुटू लागल्यावर ती प्रक्रिया थांबवली आणि काही महिन्यांपूर्वी सरळ केलेला सगळा भाग कापून टाकला. आता डोक्यावर जेमतेम चार बोटे लांबीचे, माझे मूळचे कुरळे केस आहेत. मला ते खांद्याखाली वाढवायचे आहेत, पण ते वाढतच नाहीत असे वाटते आणि आरशात पाहताना हा काळ कधी एकदा संपतो असे होऊन जाते. तोपर्यंत या केसांशी जुळवून कसे घ्यावे?

उत्तर : केस वाढत नाहीत, ही समजूत आधी दूर करू. डोक्यावरचे केस साधारणपणे महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला 12 ते 15 सेंटिमीटर वाढतात. व्यक्तीनुसार हा वेग कमीजास्त असतो. तुमचेही वाढत आहेत, मात्र ती वाढ वळणांमध्ये मुरते, आणि अगदी घट्ट वळणाचे केस तर वाळल्यावर खऱ्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी दिसू शकतात. म्हणून कानामागची एक बट निवडा, ओली असताना हलक्या हाताने सरळ करून मोजा आणि तीच बट तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. रोजच्या आरशापेक्षा हे मोजमाप अधिक खरे बोलते.

आता तुमच्या डोक्यावर नेमके काय आहे ते पाहू. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात आणि त्यांचा आकार टिकवून धरण्यात त्यातील गंधकाच्या बंधांचा मोठा वाटा असतो. केस कायमचे सरळ करणारी अनेक रसायने हे बंध तोडतात. पण त्यांचा परिणाम त्वचेबाहेर आलेल्या केसापुरताच राहतो, आणि मुळाशी तयार होणारा नवा केस आपले वळण घेऊनच बाहेर येतो. जिथे हा नवा केस जुन्या, सरळ केलेल्या भागाला मिळतो तो सांधा फार नाजूक असतो आणि बहुतेक तूट तिथेच होते. तुम्ही तो सांधाच काढून टाकला आहे. हे सोपे नव्हते याची मला जाणीव आहे. पण त्यामुळे आज तुमचा प्रत्येक केस मुळापासून टोकापर्यंत एकाच जातीचा आहे, आणि तो इतका नवा व इतका धडधाकट पुढे कधी असणार नाही.

हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. टोके फारशी कापली नाहीत, तर आज जे टोक तुमच्या बोटांना लागते तेच दोन-तीन वर्षांनी खांद्यावर पोहोचणार आहे. त्वचेतून पाझरणारे तेल कुरळ्या केसाच्या वळणांवरून टोकापर्यंत सहज उतरत नाही, म्हणून ही टोके लवकर कोरडी पडतात, त्यांना फाटे फुटतात आणि ती तुटतात. मुळाशी जेवढी वाढ होते तेवढीच टोकाला तूट होत राहिली, तर लांबी जागच्या जागी राहते. म्हणजे आखूड केसांची आजची निगा हीच उद्याच्या लांबीची तयारी आहे.

आणि इथेच केस आवडण्या-नावडण्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ज्यांना आपले आखूड केस बघवत नाहीत त्या ते ओढून घट्ट बांधतात, पिनांनी चापूनचोपून बसवतात किंवा रोज गरम इस्त्रीखाली घालतात. उष्णतेने टोके ठिसूळ होतात. सततच्या ताणाने कपाळाजवळचे आणि कानशिलांवरचे केस विरळ होतात, आणि हा ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. नावडीची किंमत अशी थेट लांबीतून वसूल होते.

मग या केसांत रमायचे कसे? माझ्या मते, आधी त्यांची ओळख करून घ्यावी. एकाच डोक्यावर मानेजवळची वळणे घट्ट आणि समोरची सैल असणे अगदी सामान्य आहे. आखूड केसांत हे चटकन दिसते, आणि कोणत्या भागाला किती ओलावा लागतो हे शिकायला याहून सोयीची लांबी नाही. धुतल्यावर केस ओले आणि कंडिशनर लावलेले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे सरकत गुंता सोडवा. खसाखसा पुसण्याऐवजी मऊ सुती कापडाने टिपा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका, कारण वाळत असताना विंचरलेल्या वळणांचा नुसता पिंजारा होतो. भांग कधी बाजूला पाडा, कधी पाडूच नका. मान आणि कान मोकळे असताना चेहऱ्याची ठेवण जशी उठून दिसते तशी ती लांब केसांत दिसत नाही.

मध्येच एक टप्पा असा येईल की बाजूचे केस फुगतील आणि मानेवरचे पुढे पळतील. तेव्हा फक्त मानेवरचे थोडे कापून आकार सावरून घ्या. त्याने लांबीची वाट अडत नाही. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते : प्रत्येक केसाचा वाढीचा काळ साधारण दोन ते सहा वर्षांचा असतो आणि तो बराचसा आनुवंशिकतेने ठरतो. त्यामुळे कोणाचे केस कुठवर जातील याला मर्यादा असते. सगळे समाधान एका ठरावीक लांबीवर टांगून ठेवू नका.

प्रश्न : केस भराभर वाढावेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या घ्याव्यात का? वारंवार टोके कापल्याने वाढ वाढते का?

उत्तर : टोके कापल्याने फाटे वर सरकत नाहीत आणि तूट कमी होते; मुळाशी होणाऱ्या वाढीचा वेग त्याने बदलत नाही. बायोटिनचा उपयोग प्रामुख्याने त्याची कमतरता असलेल्यांना होतो, आणि अशी कमतरता क्वचितच आढळते. शिवाय त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे निष्कर्ष चुकीचे येऊ शकतात, म्हणून गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना अवश्य सांगा. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. गळती त्याहून स्पष्टपणे जास्त वाटत असेल किंवा टाळूवर चकत्या दिसत असतील, तर गोळ्या स्वतःहून सुरू न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.