बाबा दुकानात गेल्यावर बाहेर येणारा मुलगा

*ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय २२. चार वर्षं पुण्यात होस्टेलला होतो. कॅम्पसमधून नोकरी लागली, पण जॉइनिंग जुलैचं ऑक्टोबरवर गेलं आणि आता नुसतं 'कळवू' म्हणतात. सध्या कराडला घरी आहे. रात्री तीनपर्यंत मोबाईल, सकाळी अकराला जाग. पाचला उठायचं वेळापत्रक चार वेळा केलं. प्रीतिसंगमावर पळायला दोन दिवस गेलो. जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले, आठ दिवस गेलो. २१ दिवसांचं चॅलेंज नवव्या दिवशी मोडलं. जेवणाचंही काही खरं नाही. बाबांचं दुकान पंधरा मिनिटांवर आहे, ते एकला चालत जेवायला येतात, ते दोनला परत गेले की मी बाहेर येऊन जेवतो, आई ताट झाकून ठेवते. माझ्यात शिस्तच नाही का? लवचीक पण टिकेल असं रुटीन सांगा.*
*– कराडहून एक वाचक*

बाळा,

पाचला उठणं, जिम, चॅलेंज हे सगळं मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. जेवणाबद्दलचं ते एक वाक्य तू घाईघाईत लिहून पुढे गेलास, मी मात्र तिथून हलले नाही. अकराला तुला जाग येते आणि बाबा दोनला गेले की तू बाहेर येतोस. मधले तीन तास तू झोपलेला नसतोस. कान देऊन पडलेला असतोस. बाबांच्या चपला वाजतात, बेसिनचा नळ सुटतो, आईशी चार शब्द होतात, मग फाटकाची कडी. कडी वाजली की तू उठतोस. रोज, न चुकता. असा मुलगा मला विचारतो की माझ्यात शिस्त नाही का! जुलैपासून एक दिवसही न मोडलेलं वेळापत्रक तू पाळतो आहेस. ते बाबांना टाळण्याचं आहे, एवढंच.

पाचला उठण्याचं वेळापत्रक टिकत नाही तेही यामुळेच. पाचला उठलास तर सातला चहाला बाबा समोर असणार, आणि ते विचारणार, "काही कळलं का रे?" तुझ्याकडे सांगायला काही नाही. रात्री एकनंतर मात्र घरात विचारणारं कुणी जागं नसतं, म्हणून तुला रात्र बरी वाटते. मोबाईल निमित्त आहे. तो काढून घेतला तरी तू छताकडे बघत जागाच राहशील.

आता आईबद्दल. तिच्यासाठी मी दोन गोड शब्द लिहीन असं तुला वाटलं असेल. नाही लिहिणार. झाकलेलं ताट कसं असतं ते तू रोज बघतोस. वाफेचं पाणी झाकणीवरून भाकरीवर ठिबकतं, पापुद्रा लिबलिबीत होतो, भाजीवर तेल गोठतं. हे जेवण तुला चालतं आणि ते वाढून ठेवणं आईला चालतं, कारण त्यामुळे घरात वाद होत नाही. तुझ्या लपण्याला ती रोज एक ताट पुरवते आहे. माया असेल, पण तुझं नुकसान करणारी माया आहे. तिला माझा निरोप सांग: उद्यापासून ताट झाकायचं नाही.

ऑस्ट्रियात मारीनथाल नावाचं गाव आहे. तिथली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला, तो १९३३ मध्ये छापून आला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. रस्त्याने चालणारे पुरुष सारखे मध्येच थांबायचे. दिवसभर काय केलं ते तासागणिक लिहायला सांगितलं, तर त्यांना आठवेना. एकाने एवढंच लिहिलं, 'तोवर दुपार होते.' दिवसात धरायला त्यांच्याकडे तीनच जागा उरल्या होत्या, उठणं, दुपारचं जेवण आणि झोपणं. हे वाचताना मला तू आठवलास. उठणं आणि झोपणं तुझं केव्हाच सुटलं. दुपारचं जेवण घरात आजही एकच्या ठोक्याला होतं. तेवढी एक जागा शिल्लक आहे आणि तू नेमका तिथेच पाठ फिरवून बसला आहेस.

म्हणून मी तुला पूर्ण दिवसाचं रुटीन देणार नाही. एकच काम सांगते. एकला बाबांबरोबर जेवायला बसायचं. आयतं येऊन बसायचं नाही, पाऊणला तू ताटं घ्यायची, तांब्या-भांडं भरून ठेवायचं. आणि बाबांनी विचारायच्या आधी आपणच म्हणायचं, "बाबा, मेल अजून आली नाही. आली की पहिलं तुम्हाला सांगतो." ते काय म्हणतील मला माहीत नाही. चिडतीलही. चिडू देत, पण तू ताटावरून उठायचं नाहीस.

ही एक खुंटी भिंतीत पक्की ठोक. बाकी सगळं खुशाल हलू दे, तुला लवचीकपणा हवा होता तो तिथे आहे. आज नवाला उठलास, उद्या साडेदहाला, माझी हरकत नाही. एकच्या आत अंघोळ करून ताटं घेतलेली असली म्हणजे झालं. उठल्यावर मोबाईलच्या आधी गच्चीत जा. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की झोपही हळूहळू अलीकडे येते.

व्यायामाचंही याच खुंटीला अडकव. दोनला बाबा निघाले की त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत चालत जा आणि परत ये. जाऊन-येऊन अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं. झपझप चालण्यासारखा व्यायाम जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान एवढा सांगते. म्हणून जाताना-येताना पाय उचल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. जिमचे गेलेले पैसे विसर.

आणि ते २१ दिवसांचं डोक्यातून काढून टाक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशोब २५४ पर्यंत गेला. त्यातली तुझ्या कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने कुणाचं फारसं बिघडलं नाही. नवव्या दिवशी चुकलास तेव्हा दहावा दिवस होता की रे! तो तू सोडून दिलास याचं मला वाईट वाटतं.

एक मात्र सांगून ठेवते. भूकच मेली असेल, रडू येत असेल, जगावंसं वाटत नसेल, तर ते तू मला लिहिलेलं नाहीस, आणि मग हे पत्र पुरणार नाही. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, कुठल्याही वेळी, मराठीत बोलता येतं.

तसं नसेल तर उद्या पाऊणला खोलीचं दार उघड. फळीवरून तीन ताटं काढ, दोन नाही, कारण आईलाही बरोबर बसवायचं आहे. भाकरी तव्यावरून थेट ताटात येऊ दे. बाबा हात धुऊन येतील, तिसरं ताट बघतील. ते बसले की लगेच ते वाक्य म्हणून टाक, पहिला घास घ्यायच्या आधी.

तुझी ताई