मानपत्रातला मुत्सद्दी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला. "सर, मुत्सद्दी मोठा की राजकारणधुरंधर? की दोन्ही घालू?" पुढारी साहेबांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचं मानपत्र तुझ्या गळ्यात पडलंय, तालमीची पोरं सकाळ-संध्याकाळ फोन करतायत, फ्रेमवाला थांबलाय. हे सगळं कळलं. पण खाली तू आणखी एक ओळ टाकली होतीस: "साहेबांनी नक्की काय केलंय, हे मला कुणी नीट सांगतच नाही." तुझी खरी अडचण ती आहे. मुत्सद्दी की धुरंधर हा प्रश्न नंतरचा.

आधी काम लिही. विशेषणाचं नंतर बघू.

शब्दाबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. मुत्सद्दी मूळचा अरबी, अंगावर घेतलेल्या कामात लक्ष घालणारा माणूस. आपल्याकडे तो फारसी दफ्तरातून आला आणि कितीतरी काळ त्याचा अर्थ साधा कारकून, हिशेबनीस असाच होता. मुघलांच्या काळात सुरतेच्या बंदरावरच्या मुख्य अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत. हिंदीत मुसद्दी अजून मुनीमच राहिलाय. मराठीत मात्र त्याच कारकुनाला आपण राज्य तोलून धरणाऱ्या माणसाच्या जागी नेऊन बसवलं. मला यात मराठीचं शहाणपण दिसतं. भाषणं सगळेच करतात, दफ्तर ठेवणारा एखादाच असतो. आणि आज काय झालंय? रात्रीत पक्ष बदलला की मुत्सद्दी, भावाविरुद्ध भावाला उभं केलं की मुत्सद्दी. अगं, त्याला मराठीत कावेबाज हा चांगला शब्द आहे, तो ओस पडलाय. मुरब्बीचीही तीच गत. मुरब्बी म्हणजे सांभाळ करणारा, पाठीराखा. आपण त्याला लोणच्यासारखा मुरवून टाकला. धुरंधर तर बिचारा बैल. धुर म्हणजे जू, ते मानेवर घेणारा तो धुरंधर. तुझ्या साहेबांच्या मानेवर हार सोडून काय होतं, ते विचार.

तू कोल्हापूरच्या दसरा चौकातून, शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोरून रोज जातेस. महाराजांना राजर्षी म्हणताना आता आपल्याला काही वाटतही नाही, इतका तो शब्द नावासारखा झालाय. ही पदवी त्यांना कानपूरला, कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत, 1919 साली दिली. आणि मागासांना निम्म्या जागा देण्याचा हुकूम निघाला 26 जुलै 1902 ला. महाराज तेव्हा विलायतेत होते. काम आधी, शब्द सतरा वर्षांनी, तोही परगावच्या लोकांनी दिलेला! तो हुकूम एकदा वाच. छोटा आहे. त्यात उदात्त असं एक वाक्य नाही. ज्या कचेरीत मागासांचं प्रमाण पन्नास टक्क्यांपेक्षा कमी, तिथली पुढची जागा त्यांना, एवढंच. पुढे मला सगळ्यात आवडणारी ओळ येते: खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. नुसता हुकूम काढला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि जागा होत्या त्यांनाच मिळत राहिल्या असत्या. तिमाही तक्ता मागितला म्हणून खातेप्रमुखांची पळवाट बंद झाली. मुत्सद्दी म्हणजे कारकून होता तो इथे दिसतो बघ.

आधी काम लिही, असं मी का ओरडतोय ते आता सांगतो.

तीसेक वर्षं मी मानपत्रं लिहिली. संस्थेत नोकरी, संस्थाचालकांच्या ओळखीपाळखी, "सर, तुमची भाषा म्हणजे अगदी..." असं म्हटलं की मी पाघळायचो. एका साहेबांच्या मानपत्रात मी मुत्सद्दी तीनदा घातला, एकदा 'द्रष्टे मुत्सद्दी' असासुद्धा. कार्यक्रमात माझ्या शेजारी पटकेवाले एक म्हातारे बसले होते. वाचन संपल्यावर माझ्याकडे वळून अगदी सरळ मनानं म्हणाले, "मास्तर, मुत्सद्दी म्हंजे केलंय काय ह्येंनी?" मी म्हटलं, "फार लांबचं बघतात ते." म्हातारे म्हणाले, "व्हय? मग आमच्या वढ्यावरचा पूल जवळ हाय म्हणून दिसंना वाटतं." मी हसलो. जेवताना तांबडा रस्सा घशाखाली उतरेना.

आता तू म्हणशील, सरांनी स्वतः लिहिलं आणि मला शिकवतात. शिकवतो. माझ्या घरी तेव्हा दोन मुली शिकत होत्या आणि नाही म्हणणाऱ्याची बदली कुठे होते ते मी पाहिलं होतं. तुला तशी अडचण नाही. असली तरी काम लिहायला कुणी बंदी करत नाही. एवढं मला तेव्हा सुचलं नाही, हे मात्र खरं.

त्याच भागात एका गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन होते. एका उन्हाळ्यात दोन मोटारींपैकी एक जळाली, पाणी निम्म्यावर आलं. वरच्या अंगाला यांच्या गटाचा ऊस, शेवटच्या टोकाला विरोधकांचा. यांनी पाळी शेवटाकडून सुरू केली. ती वही मी पाहिलीय. निळी शाई, घड्याळाच्या पाव तासापर्यंत वेळा, समोर प्रत्येकाची सही किंवा अंगठा. विरोधी गटाच्या म्होरक्याचं नाव दुसऱ्या ओळीत आणि चेअरमनचं स्वतःचं अगदी शेवटी, त्यापुढे लिहिलेलं, "पाणी पुरले नाही." त्यांचा पाऊण एकर वाळला. त्या उन्हाळ्यात बांधावर कुऱ्हाड निघाली नाही, पोलीस पाटलाला कुणी उठवलं नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच गटानं त्यांना पाडलं.

ते गेले तेव्हा शोकसभेचा मजकूर माझ्याकडे आला. मी वहीबद्दल लिहिलं, मोटारीबद्दल लिहिलं, मुत्सद्दी लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं. तो शब्द मी आधीच नको तिथे खर्चून बसलो होतो, त्यांच्यापुढे ठेवायची लाज वाटली. दहाव्याला त्यांची बायको म्हणाली, "सर, त्या सायबांस्नी तुमी मुत्सद्दी लिवलंसा. आमच्यांस्नी न्हाई लिवलं." मी म्हणालो, "काकी, काम लिहिलंय की सगळं." त्या काही बोलल्या नाहीत, पदर सारखा करून आत गेल्या. माझं बरोबर होतं असं मला अजून वाटतं. दिवसा तरी वाटतं.

तर तुझ्या मानपत्राचं. तालमीच्या पोरांना विचार, साहेबांच्या हातून झालेली तीन कामं सांगा, साल आणि गावासकट. आणि त्यातलं एखादं असं, ज्यात साहेबांचं स्वतःचं काही गेलं. तीन नाही निघाली तर एक. बंधारा असेल, वसतिगृह असेल, कुणाचं भांडण मिटवलेलं असेल. रामचंद्रपंत अमात्यांनी राज्य कसं चालवावं ते लिहिताना रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नका, जीर्ण होऊन कामातून गेलेलं झाडही धन्याला राजी करून, मोल देऊनच घ्या, हे सांगायला जागा काढली. त्यांचीही समाधी आपल्या पन्हाळ्यावरच आहे. तेव्हा काम लहान आहे म्हणून लाजू नकोस. एकही निघालं नाही, तर "दीर्घायुष्य लाभो" एवढं स्वच्छ अक्षरात लिही. तेही खोटं होत नाही.

पोरं चिडतील, "मॅडम, जरा वजनदार करा की" म्हणतील. माझं नाव सांग, मी म्हातारा झालोय, मला शिव्या चालतात.

रविवारी सकाळी कच्चा मसुदा घेऊन ये, पेन्सिलनं लिहिलेला. मिसळ आणायला मी जातो, तू पाव आण. आणि ती कामं ऐकून मुत्सद्दी घालायची पाळी आलीच, तर प्रूफ स्वतः बघ. फ्रेमवाला दरवेळी 'मुत्सदी' छापतो.

तुझा,
सर