कपाटातला ‘क’

“मॅडम, घरात मराठी बंद केलंय, तरी हा इंग्रजी वाचत नाही,” विक्रोळीहून आलेल्या आईनं खुर्चीत टेकायच्या आत सांगून टाकलं. मुलगा इंग्रजी माध्यमात, पहिलीत. ‘घरी इंग्रजीतच बोला’ असं शाळेतून सांगितलेलं. ही तक्रार घेऊन दर महिन्याला कुणी ना कुणी येतंच. या घरात मात्र आजीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती नातवाशी बोलेनाशीच झाली होती. मला वाचनापेक्षा याचीच जास्त काळजी वाटली.

कान-डोळे तपासून झाले होते, काही दोष नव्हता. मी कागदावर मांजराचा इंग्रजी शब्द लिहिला. “सी, ए, टी,” त्यानं धडाधड म्हटलं. मग सगळं मिळून काय झालं, मी विचारलं. “सीएटी!” बिचाऱ्याला अक्षरांची नावं पाठ होती, आवाज ठाऊक नव्हते. आपल्या ‘क’चं नाव तोच त्याचा आवाज, इंग्रजीत ती सोय नाही.

कागद बाजूला सारला आणि मराठीत खेळायला बसलो. वाटी, पाटी, फणस, दाटी. वेगळा कोण? “फणस!” ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर? “पाट! आजी बसते तो.” आई बघतच राहिली.

कान तयार होता, म्हणजे मराठी शब्दांतले आवाज त्याला सुटे करता येत होते. हे इंग्रजी वाचनालाही उपयोगी पडतं. मूळच्या तुर्कस्तानच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका आयदिन दुर्गुनोलू यांनी सहकाऱ्यांसोबत अमेरिकेत स्पॅनिशभाषक पहिलीतल्या मुलांचा अभ्यास केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना स्पॅनिश शब्दांतले आवाज सुटे करता येत होते, त्यांना इंग्रजी शब्दच काय, अर्थ नसलेले बनावट इंग्रजी शब्दही जास्त चांगले वाचता आले. शब्द फोडायची ही हातोटी दुसऱ्या भाषेतही कामाला येते. स्पॅनिश आणि इंग्रजीची लिपी एक आहे, आपली नाही, हे खरं. म्हणून रोमन अक्षरं शिकवावीच लागतात, पण नावांनी नव्हे, आवाजांनी. त्यासाठी मराठी बंद करायची काहीच गरज नाही. बंद केली की खेळायला शब्दच उरत नाहीत.

आजीला पुन्हा कामाला लावलं: रोज रात्री कोडी, भेंड्या, शब्दाचं शेपूट तोडायचा खेळ. आईला सांगितलं, लोकलमधून जाताना स्टेशनांच्या पाट्या वाचा; तिथं एकच नाव दोन्ही लिप्यांत असतं. सुधारणा दिसली नाही, तर पुढे अध्ययन-अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला जड जाणं) तपासणी करू, हेही आधीच सांगून ठेवलं.

चार महिन्यांनी आला तेव्हा अजून अडखळतच वाचत होता. पण जोडून वाचत होता. जाता जाता दारातून वळून म्हणाला, “मॅडम, दादरच्या पाटीवर ‘डी’ म्हणजे ‘द’. मग ‘डॉग’मध्ये ‘ड’ कसा?”